सोललेल्या काठ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी झाली! सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. पावणेतीन किलो. धाकटी बहीण ठीक आहे, थकलीय फक्त.

बाळ पांढरं आहे. गोरं नव्हे — पांढरं. केस, भुवया, पापण्या, सगळं. नुसता लोण्याचा गोळा. नर्सनं हातात दिलं तेव्हा मी आधी काय केलं, तर हिरड्या बघितल्या, नाकपुड्या बघितल्या आणि पाय ओढून बघितले. एकोणीस वर्षं शेळी-पैदास केंद्रात करडं काढतेय, हात आपोआपच तिकडे जातात. नर्स म्हणाली, "अहो मावशी, माणसाचं आहे ते!" असू दे. दणकट आहे. तोंडात बोट दिलं तर सोडेना.

धाकटीच्या नवरोबानं बाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून धुतलं नाही का?" बिनडोक.

मग त्याचे वडील आले. चर्चमधलं मोठं प्रस्थ, बुधवारचा बायबलचा अभ्यास तेच घेतात. समोर मी त्यांना काका म्हणते, या वहीत मात्र ‘दहा आज्ञा’. तोंडावर ‘काका’ ठीक आहे, पण बोलतात कसे — हे करू नको, ते करू नको. बाळाला हात लावला नाही. "प्रार्थना करू या," म्हणाले. चांगली पाच मिनिटं प्रार्थना केली, त्यात बाळाचा उल्लेख एकदाही नाही.

मी आमेन म्हटलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीण समजावून गेली. अंगात रंग तयारच होत नाही, एवढंच. नजर जरा अधू राहील, चष्मा लागेल, ऊन सोसणार नाही. बाकी हातपाय, अक्कल, आयुष्य — सगळं चारचौघांसारखं. "आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन झाकलेले दाणे एकत्र आले की असं होतं. एकट्या कुणाकडून नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सतरा नंबरसारखं!"

डॉक्टरीण बघतच राहिली. तिला काय माहीत सतरा नंबर कोण! आमच्या केंद्रातला जुना बोकड तो. स्वतः काळा कुळकुळीत, पण त्याच्या खानदानात मधूनच एखादं बांडं करडू टपकतं — काळ्या अंगावर पांढरे पट्टे. आई काळी, बाप काळा, करडू बांडं. मी वर्षानुवर्षं वहीत लिहिते.

दोघांकडून. म्हणजे आपल्याकडूनही. घरी आल्यावर आईला विचारलं, आपल्यात कुणी होतं का असं? "नाही," म्हणाली. "आपल्यात कुणी नाही." एकच ताटली दोनदा धुतली. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीला आमच्याकडे आणलं. तिच्या सासरी जागा भरपूर आहे, बोलावणं नाही. नवरोबा पिशवी ठेवून गेला. "पप्पांचं जरा शांत होऊ दे, ताई." अरे, पप्पा बाळंत झालेत का?

मी बाळाला लोणी म्हणते. आईला आवडत नाही. "नाव ठेवा आधी नीट," म्हणाली. आईला कधी नव्हे ती घाई झालीय.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्च सुटल्यावर दारात दहा आज्ञांनी गाठलं. बाप्तिस्मा आणि नाव ठेवणं लांबणीवर! का? "मुलीच्या आईनं आधी कबूल करावं." काय कबूल करावं? "गरोदरपणी काय पाहत होती ते. तुझ्या त्या शेळ्यांच्या गोठ्यात. उत्पत्ती, अध्याय तीस. घरी जाऊन वाच, बाई."

वाचलं. बायबलचं पहिलंच पुस्तक, लहानपणापासून दहादा ऐकलेली गोष्ट. याकोब आपल्या मामाची — लाबानची — जनावरं राखतो. मजुरी काय, तर कळपात जेवढी ठिपक्यांची, पट्ट्यांची जनावरं निपजतील तेवढी याकोबाची. लबाड मामा त्याच दिवशी सगळी बांडी जनावरं काढून नेतो, मागे काळीच ठेवतो. मग याकोब हिरव्या काठ्या घेतो, साल सोलून पांढरे पट्टे पाडतो आणि पाण्याच्या हौदासमोर रोवतो. शेळ्या पाणी पिता पिता काठ्या बघतात आणि बांडी करडं देतात.

धाकटी आठव्या महिन्यापर्यंत माझ्याकडे केंद्रात करडांना बाटलीनं दूध पाजायला यायची. मीच लावलं होतं तिला तिथं. आणि आमच्या हौदाभोवतीचे खांब सोललेले आहेत. पांढरे फटक.

म्हणजे दहा आज्ञांचा हिशेब असा — बाई खांब बघत बसली, म्हणून पोर पांढरं! हसावं की थोबडवावं?

धाकटीला यातलं काहीही सांगायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी केंद्रात असताना ते घरी येऊन गेले. धाकटीच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि सगळं वाचून दाखवलं. आई म्हणते, आवाज नाही चढवला. अगदी मायेनं बोलत होते. "मुली, देव क्षमाशील आहे. फक्त कबूल कर."

दुपारी घरी आले तर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडलेली. लोणी रडत होती. सकाळपासून पाजलं नव्हतं! सहा तास!

"ताई, मी बघायचे गं. ते एक बांडं करडू होतं ना, कानावर पट्टा असलेलं? मला फार आवडायचं ते. रोज मांडीवर घ्यायचे. मीच केलं हे. मी हात लावला तर तिला अजून काय होईल..."

मी समजावलं. मग ओरडले. ती हलेना. पोर रडून रडून दमायला लागलं, आणि ते दमणं मला माहीत आहे. करडू बोंबलतंय तोवर भीती नसते. गप्प झालं की पळायचं असतं.

मग आई उठली. माझी आई, जिनं जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, जी बाबांसमोरसुद्धा दाराआडून बोलायची — ती आली, धाकटीला खांद्याला धरून फिरवलं, तिची बटणं काढली आणि पोर छातीशी दाबलं. "पाज! आधी पाज, मग काय रडायचं ते रड! पाज म्हणते ना!" इतकी ओरडली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

लोणीनं धरलं. प्यायली.

आई संध्याकाळपर्यंत खाटेपासून हलली नाही. मी म्हटलं, बस जरा. बसली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आई उभी असली तरच पाजते. आई स्वयंपाकघरात गेली की हात काढून घेते. वजन केलं — जन्माच्या वेळेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. नर्स म्हणाली, पहिल्या आठवड्यात उतरतं, पण आतापर्यंत भरून यायला हवं होतं.

काय करायचं ते स्पष्ट आहे. धाकटीच्या डोक्यातून त्या काठ्या उपटायच्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्रातल्या पशुवैद्याला सांगितलं. तो टेबलावर पाय टाकून पोट धरून हसला. "अहो, मग कुऱ्हाडीचा दांडा बघणाऱ्या शेळीला काय कुऱ्हाड होणार? फेकून द्या ते पुस्तक! मासा काय माणूस गिळतो, सूर्य काय थांबतो... शिकलेल्या बाई तुम्ही."

आधी मीही हसले. मग चिडले. हा कोण मला सांगणार काय फेकायचं! त्याच पुस्तकातून आईनं मला वाचायला शिकवलं. बाबा गेले तेव्हा त्यातलीच चार वाक्यं होती आमच्याजवळ, बाकी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं नुसतं उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणतो डोकं फेक, दुसरा म्हणतो पुस्तक फेक. दोघांनाही माझ्याच घरातलं काहीतरी फेकायचंय! मी दोन्ही ठेवणार. बघू कोण काढून घेतं.

त्याला म्हटलं, पाय खाली घ्या, वही आहे तिथं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मुद्दाम हौदाजवळ अर्धा तास उभी राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. एकोणीस वर्षं डोळ्यांसमोर आहे आणि दिसलं नाही!

खांब कुणी सोलले? मी नाही. शेळ्यांनी! शेळीसमोर साल असलेलं लाकूड ठेवा, दोन दिवसांत ती दातांनी खरवडून पांढरं करते. कुठलाही गोठा घ्या, कुठल्याही देशातला — पाण्याजवळची काठी सोललेलीच असणार. म्हणजे याकोबाचा प्रयोग माझ्याकडे एकोणीस वर्षं चालूच आहे, न सांगता! प्रत्येक गाभण शेळी रोज पट्टेच बघत पाणी पिते.

सगळ्या वह्या काढल्या. बसून मोजलं. जन्मलेली करडं अकराशे ऐंशी. त्यात बांडी — एकतीस. काठ्यांनी होत असतं तर अकराशे ऐंशीच्या अकराशे ऐंशी व्हायला हवी होती ना? आणि त्या एकतीसपैकी एकेकाची आई शोधली, बाप शोधला, मागे आजा-पणजा. सगळी, सगळी एकतीस, आईकडूनही सतरा नंबरवर जातात आणि बापाकडूनही. एकही सुटलं नाही.

आडात असेल तेच पोहऱ्यात येतं. काठी बघून आडाचं पाणी बदलत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीला वह्या दाखवल्या. नीट ऐकलं तिनं. मग म्हणाली, "तुझं बरोबर असेल ताई. पण हे शेळ्यांचं. ते देवाचं."

थांब. देवाचंच दाखवते तुला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! आणि कुठं? पुढच्याच अध्यायात! एक पान उलटलं असतं कुणी तर!

एकतिसाव्या अध्यायात याकोब आपल्या बायकांना खरं काय झालं ते सांगतो. तिथं काठ्यांचं नावसुद्धा काढत नाही. सांगतो काय, तर स्वप्नात देवदूत आला आणि म्हणाला, डोळे वर कर आणि बघ — शेळ्यांवर चढणारे बोकड सगळे पट्ट्यांचे नि ठिपक्यांचे आहेत. बोकड! काठ्या नाही, बोकड! आणि बांडे बोकड तर मामानं आधीच नेले होते. मागे राहिलेले वरून काळेच. मग स्वप्नात बांडे कसे दिसले? त्याला कातडीच्या आतलं दिसलं! झाकलेला दाणा!

चार वेळा वाचलं. उठून घरभर फिरले. आई म्हणाली, काय झालं तुला? मी म्हटलं, आई, काठ्या ही याकोबाची समजूत होती. देवानं त्याला दिलं, पण काठीनं नाही. त्याला वाटलं काठीनं. देवानं स्वप्नात येऊन चूक सुधारली आणि आपण बसलोय चुकीलाच धरून!

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे बघितल्यानं... काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

"कधीच?"

"अगं कधीच!"

मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वजन पन्नास ग्रॅम वाढलं. आईच्या पहाऱ्यामुळे. आईचे पाय सुजलेत.

धाकटीला एकतिसावा अध्याय दाखवला. बोट ठेवून वाचला. डोळ्यांत पाणी आलं, पण म्हणाली, "तू म्हणतेस. त्यांनी म्हणायला हवं ताई." सासऱ्यांनी. त्यांच्या तोंडून आल्याशिवाय तिला ते खरं वाटणार नाही. ठीक आहे. उद्या बुधवार आहे.

आणखी एक सांगितलं तिनं. सासरी मोठं जुनं बायबल आहे, पुढच्या कोऱ्या पानावर घरातले सगळे जन्म लिहिलेले. लग्नानंतर तिला दाखवलं होतं. दहा आज्ञांच्या स्वतःच्या नावाखाली एका ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली. तिनं विचारलं तर म्हणाले, शाई सांडली होती.

एका ओळीपुरतीच सांडली वाटतं शाई. मोठी शिस्तीची!

१९ फेब्रुवारी, बुधवार

रात्रीचे बारा वाजलेत. तरी लिहिते.

अभ्यासाला तीसेक माणसं. आई माझ्या शेजारी — मी नको म्हटलं तरी आली, शेजारणीला लोणीजवळ बसवून. दहा आज्ञांनी अध्याय तीसच काढला. कुणाचं नाव न घेता. "गर्भवतीनं दृष्टी पवित्र ठेवावी." सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. नवरोबा पहिल्या रांगेत, मूग गिळून.

मी उभी राहिले. पाच वह्या काखेत. "काका, पुढचा अध्याय वाचता का? दहा ते बारा ओव्या."

"आजचा पाठ तिसावा आहे."

"याकोबाचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं का?"

ते वाचेनात. मग आमचे तरुण पाळकसाहेब, जे कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांनी घसा खाकरून वाचलं. ‘चढणारे बोकड’ आल्यावर बायका खाली बघायला लागल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मग मी सांगितलं. खांब कोण सोलतं ते, अकराशे ऐंशी, एकतीस, सतरा नंबर. वह्या पुढच्या बाकावर ठेवल्या, म्हटलं, बघा कुणाला बघायच्यात.

दहा आज्ञा म्हणाले, "देवाचं वचन शेळ्यांच्या वहीवर तपासतेस?"

"शेळ्या कुणी केल्या, काका? मग वहीही त्याचीच. मी फक्त हात."

"आज काठ्या. उद्या म्हणशील समुद्र दुभंगलाच नाही!"

"तिथं माझी वही नव्हती. मासा माणूस गिळतो का, सूर्य थांबतो का — मला माहीत नाही, मी सांगतही नाही. पण शेळ्यांचं मला विचारा! आणि आणखी एक. ही गोष्ट चुकीची वाचल्यानं याकोबाचं काही बिघडत नाही, तो कधीच मरून गेला. माझी भाची जिवंत आहे. तिची आई तिला पाजत नाहीये, काका. तुमच्या वाचण्यामुळे."

नवरोबानं मान वर केली. त्याला हे माहीतच नव्हतं, गाढवाला.

कोपऱ्यातून एका बाईनं विचारलं, "पण दोघांकडून लागतं म्हणतेस, तर तुमच्यात कोण आहे असं?"

"आमच्यात झाकलेलं असणार. उघडं कधी पडलं नाही." आईचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा गार. मी तो दाबला. आणि मग — थांबायला हवं होतं, पण थांबले तर मी कसली! — म्हटलं, "काका, आता तुमच्या घरच्या बायबलचं पहिलं पान वाचा. पट्टीखालची ओळ."

त्यांचं तोंड पडलं. पुस्तक मिटलं. काठी घेतली आणि निघून गेले. पाळकसाहेबांनी गडबडीत शेवटची प्रार्थना उरकली.

घरी येताना आई म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर असं बोलू नये गं." मी म्हटलं, मी थोरली आहे या घरातली, बाबांनंतर मीच बोलणार. आई पुढे चालायला लागली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवरोबा सकाळी आला. कामावर गेला नाही. लोणीला मांडीवर घेऊन दिवसभर बसला. दर तीन तासांनी धाकटीला म्हणतो, "घे ना गं. तुझं काही चुकलेलं नाही." आईला बसता तरी आलं.

उशिरा का होईना. गाढव शब्द मागे घेते. निदान अर्धा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दहा आज्ञांचा पत्ता नाही. चर्चची किल्ली पाळकांकडे पाठवून दिली म्हणे. मंडळीतले दोघे-तिघे माझ्याशी बोलत नाहीत. पशुवैद्य म्हणतो, "ऐकलं, मारलात की म्हाताऱ्याला!" मी म्हटलं, मी कुणाला मारलं नाही, मी एक पान उलटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी केंद्रात बघते तो काय — दहा आज्ञा हौदाजवळ उभे. काखेत कापडात गुंडाळलेलं बायबल. एका हिरव्या फांदीकडे टक लावून बघताहेत. आमची एक म्हातारी शेळी ती फांदी खरवडत होती, साल चावत, निवांत.

"खरंच शेळ्याच सोलतात," म्हणाले.

मी खुर्ची दिली. बसले नाहीत. मग एकदम बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. त्यांना एक बहीण होती. पाठची. लोणीसारखी. त्यांची आई पिठाच्या गिरणीत कामाला. सगळे म्हणाले, बाई दिवसभर पीठ बघत बसली, म्हणून. बायबलात तिचं नाव लिहिलं होतं, त्यावर बापानं पट्टी चिकटवली. मुलगी मागच्या खोलीत वाढली. पाहुणे आले की दार बाहेरून लावायचं. "ते काम माझ्याकडे होतं," म्हणाले. एकोणीस वर्षांची होऊन तापानं गेली. आई त्यानंतर आरशात बघायची नाही, खिडकीतून बाहेर बघायची नाही. नजर खाली. मरेपर्यंत.

"काठ्या खऱ्या नसतील बाई, तर मग माझ्या आईनं काहीच केलं नव्हतं. आणि मी एकोणीस वर्षं कडी लावली."

मी खुर्ची पुन्हा पुढे सरकवली. या वेळी बसले.

पुस्तक उघडून दाखवलं. वाफेवर धरून पट्टी काढली होती. खाली त्यांच्या आईचं अक्षर. जन्मतारीख, नाव, आणि पुढे दोन शब्द — ‘तब्येत चांगली’.

काका तिथूनच आमच्या घरी गेले. धाकटीसमोर उभे राहिले, हात जोडले. "मुली, मी चुकीचं वाचलं." एवढंच. मग लोणीला मागितली. धाकटीनं दिली. म्हाताऱ्याला धरताच येईना नीट, मान सावरायला मी हात लावला.

ते गेल्यावर लोणी रडली. आई उठायच्या आत धाकटीनं तिला घेतलं. आपणहून! आपणहून पाजलं!

जिंकलो!!

आता त्यांना दहा आज्ञा म्हणायचं नाही, असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वजन तीन किलो शंभर.

२ मार्च, रविवार

बाप्तिस्मा झाला. काकांनी बहिणीचं नाव दिलं लोणीला. मोठ्या बायबलात आपल्या हातानं लिहिलं आणि पुढे दोन शब्द, तेच. मी म्हटलं, वंशावळींचे अध्याय सगळे कंटाळून सोडून देतात — अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका — पण सगळ्यात शहाणी पानं तीच. कुणाचा कोण, खरं लिहून ठेवा, बाकी आपोआप कळतं. पाळकसाहेब हसले, "तुम्हीच घ्या आता बुधवारचा अभ्यास." घेईन की! घाबरते का काय!

आई समारंभात एका कोपऱ्यात बसून होती. जेवली नाही. आता सगळं छान झालंय, तर हिला काय झालं?

३ मार्च, सोमवार

आई आज केंद्रात आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खुराकाच्या पोत्यावर बसली. "ती वही काढ. आई-बाप लिहितेस ती."

काढली. कोरं पान उघड म्हणाली.

"आई — मी, असं लिही. बाप — तुझे बाबा. मुलगा. पांढरा."

मी पेन खाली ठेवलं. तिनं उचलून परत हातात दिलं.

"तुझ्या आधी दोन वर्षं. सहा दिवस होता. सगळे म्हणाले, काहीतरी बघितलंस. मला खरं वाटलं."

शेवटचा रकाना मृत्यूच्या कारणाचा असतो. मी विचारलं नाही. तिनंच बोट ठेवलं.

"लिही. पाजलं नाही."

लिहिलं. मी थोरली नाही.